ओट्याखालून पाहिलेला टीव्ही

नव्वदच्या दशकातल्या टीव्हीवर आजकाल पुष्कळ लिहिलं जातं. शक्तिमान, चंद्रकांता, अलिफ लैला, रविवारची रंगोली, मारिओ, कॉन्ट्रा, सगळं त्यात येतं. लिहिणारे मनापासून लिहितात आणि वाचताना माझाही ऊर भरून येतो. पण त्यातल्या बहुतेक आठवणींत टीव्ही लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या घरात असतो. खामगाव-शेगाव पट्ट्यातल्या एखाद्या खेड्यात वाढलेल्या माझ्या वयाच्या माणसाला विचारून पाहा. तो आधी मालिकेचं नाव सांगणार नाही. टीव्ही कोणाच्या घरी होता आणि आपण कुठं बसायचो, हे तो आधी सांगेल. आत, दारात, ओट्यावर, की ओट्याखाली.

मी ओट्याखालचा. म्हणून मला ही गोष्ट टीव्हीपासून सुरू करता येत नाही. ती रेडिओपासून, त्याहीआधी दवंडीपासून सुरू होते, आणि मला ती आबांनी सांगितली.

आबा म्हणजे माझे आजोबा, गावचे कोतवाल. तहसिलीचा हुकूम आला, वसुली निघाली, पटकीची साथ आली, की डफडं गळ्यात अडकवून वेशीपासून दवंडी देत फिरायचं, हे त्यांचं काम. गावाला बातमी कळायची ती आबांच्या तोंडून. पुढं ग्रामपंचायतीत रेडिओ आला तेव्हा तो लावायचं कामही आपसूक त्यांच्याकडे आलं. त्या वेळी बुलडाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली आणि विदर्भाचे आठही जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. आबा म्हणायचे, ‘राज्य बदललं, रेडू तोच राह्यला.’

लाकडी पेटीचा, व्हॉल्व्हचा संच. गावात वीज यायला अवकाश होता, त्यामुळे तो भल्यामोठ्या कोरड्या बॅटरीवर चाले. दोन बांबूंच्या मधे तांब्याची तार ताणलेली. संध्याकाळी तासभरच लावायचा, कारण बॅटरी बसली की तालुक्याहून दुसरी येईपर्यंत रेडिओ मुका. नागपूर आकाशवाणी 1948 पासून सुरू होती. तिच्यावरच्या बातम्या, शेतीची माहिती आणि भजनं ऐकायला निम्मं गाव जमायचं. पाटील आणि मोठे शेतकरी ओट्यावर, बाकी लोक अंगणात, आणि आमच्या वाड्यातली, म्हणजे दलित वस्तीतली, माणसं रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली. संच ओट्यावरच्या खोलीत होता. आबांना तो सुरू करायला वर जावं लागे आणि सुरू झाला की खाली उतरून लिंबाखाली यावं लागे. ‘बटन फिरवाले वर, आयकाले खाली,’ ते सांगायचे. त्यांच्या आवाजात कधी तक्रार नसायची. पण ही गोष्ट सांगितल्याशिवाय त्यांची रेडिओची गोष्ट पुढं सरकत नसे, हेही तितकंच खरं.

त्याच वर्षी, म्हणजे 1956 च्या सुरुवातीला, पुण्याभोवतालच्या जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत युनेस्कोच्या मदतीनं एक मोठा प्रयोग झाला होता. गावात श्रोत्यांचं मंडळ करायचं, त्यांनी शेतीचा कार्यक्रम एकत्र ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची आणि शंका आकाशवाणीला कळवायच्या. तो यशस्वी ठरला आणि 1959 पासून देशभर नेला गेला. आपला जिल्हा तेव्हा दुसऱ्या राज्यात होता, त्यामुळे त्या प्रयोगाच्या कागदांत आमच्याकडची गावं नाहीत. रेडिओ ऐकायला कोण कुठं बसत होतं हे आमच्या बाबतीत कोणी टिपून ठेवलेलं नाही. ते फक्त आबांसारख्यांना ठाऊक होतं.

त्याच 1956 च्या ऑक्टोबरात आबा शेगावहून रेल्वेनं नागपूरला गेले होते. 14 ऑक्टोबरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन परतले. आणि दोन महिने उलटायच्या आत, 6 डिसेंबरला, बाबासाहेब आंबेडकर गेल्याची बातमी आली. त्या संध्याकाळी आबांनी रेडिओ तासाभरानं बंद केला नाही. बातम्या संपल्या, पुढचे कार्यक्रम लागले, तरी चालूच ठेवला. परत काही सांगतील, अजून काही सांगतील, या आशेनं लिंबाखाली सगळा वाडा थांबून होता. बायका रडत होत्या. बॅटरी बसली आणि आवाज हळूहळू बारीक होत गेला, तेव्हाच लोक उठले. ओट्यावरून त्या दिवशी कोणीही ‘बंद कर’ म्हणालं नाही. आबांच्या लेखी ही गोष्ट फार मोठी होती. ती सांगताना ते दरवेळी थोडं थांबायचे.

मग ट्रान्झिस्टर आले. ज्याच्या त्याच्या हाती, कातडी पिशवीत घातलेला रेडिओ, आणि पंचायतीचा संच धूळ खात पडला. आबांनीही एक घेतला. पावसाचा अंदाज ते त्यावर नेमानं ऐकायचे आणि जळगाव जामोदकडच्या भेंडवळच्या घटमांडणीशी ताडून पाहायचे. अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडून दुसऱ्या दिवशी पहाटे सांगितलेलं भाकीत आजही आमच्याकडे लोक कान देऊन ऐकतात, आणि आता तर ते सांगायला बातम्यांच्या वाहिन्यांच्या गाड्या येतात.

आजीची गोष्ट वेगळी. आम्ही तिला माय म्हणायचो. तिला रेडिओचं फारसं कौतुक नव्हतं, तिचा जीव सैलानीच्या जत्रेतल्या तंबूतल्या सिनेमात. होळीला सैलानी बाबांच्या दर्ग्यावर मोठी जत्रा भरते, नारळांची होळी पेटते, सगळ्या जातिधर्मांची माणसं येतात. तिथं मायनं पहिल्यांदा पडद्यावरचं चित्र पाहिलं. मधे दोर बांधून एकीकडे बाया, एकीकडे माणसं. बाकी भेद नाही. ‘तिकीट घेतलं की बस खाली, कोन गावची, कोनाची, कोनी पुसत नाई,’ हे तिचं वाक्य. सिनेमाची गोष्ट ती विसरून गेली होती, नटीचं नावही सांगता येत नव्हतं. बसण्याची आठवण मात्र पक्की होती.

टीव्ही आमच्याकडे यायला बराच वेळ लागला. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, पण मुंबईचा टीव्ही मुंबईपुण्याचा. 1982 साली रंगीत चित्र आलं, एशियाड झालं, ते आम्ही पेपरात वाचलं. आमच्या भागाला खरा फरक पडला तो 1984 साली. एक लाखावर वस्ती असलेल्या शहरांत सरकारनं धडाक्यानं लघुशक्ती प्रक्षेपक उभे केले. काही महिने तर देशात सरासरी दिवसाला एक. यांना स्वतःचा स्टुडिओ नसे. इन्सॅट-1बी या उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम झेलायचा आणि भोवती फेकायचा, एवढंच काम. ताकद 100 वॅट, पल्ला फार तर 25 किलोमीटर. आम्हाला जवळचं असं शहर अकोला, आणि ते त्या पल्ल्याच्या बाहेर. म्हणून आमच्याकडे टीव्हीपेक्षा अँटेनाचा खांब महत्त्वाचा. दोन पाइप जोडून, वर सळ्यांची अँटेना, तिच्या पोटाशी बूस्टर, आणि तोंड अकोल्याकडे.

खांब फिरवण्याचा विधी माझ्या पिढीतल्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेला आहे. एकजण छपरावर खांबाला मिठी मारून उभा. दुसरा दारात. तिसरा टीव्हीपुढं. वरचा ओरडतो, ‘आलं का?’ टीव्हीपुढचा सांगतो, दारातला तेच मोठ्यानं वर पोचवतो. ‘आलं, आलं… थांब! गेलं. मांगं घे थोडं. हां. सोडू नको!’ वरच्यानं हात सोडला की चित्र पुन्हा जायचं, कारण त्याचं अंगच त्या अँटेनाचा भाग होऊन बसलेलं असायचं. कित्येकदा एखाद्या पोरानं सगळा भाग छपरावर उभं राहून काढलेला आहे. त्याला खालून गोष्ट ओरडून सांगितली जायची. मृगाच्या आभाळात मात्र वायर आधी उपसून ठेवायची. वीज पडून जळालेले संच काकाजींच्या दुकानात रांगेनं मांडलेले असत.

हे काकाजी म्हणजे वडिलांचे मोठे चुलतभाऊ, खामगावात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवायचे. रामायण 25 जानेवारी 1987 ला सुरू झालं, तेव्हा त्यांच्या दुकानात इतके संच आले की रात्री झोपायला जागा उरली नाही, असं ते सांगायचे. लोक शनिवारी रात्री येऊन बसायचे: रविवारी सकाळच्या आत चालू करून द्या. कोणाची एलओटी उडालेली, कोणाचा ट्यूनर झिजलेला, कोणाची पिक्चर ट्यूब कमजोर. पैसे नसले तरी काकाजी काम करून देत. मालिका संपली 31 जुलै 1988 ला. त्यानंतर कित्येक महिने त्यांची उधारी वसूल होत होती.

आमच्या गावात रामायण पाहिलं गेलं ते एका मोठ्या घरी. त्यांनी टीव्ही खिडकीत, बाहेर तोंड करून ठेवला. त्यांचा हा मोठेपणा होता आणि तो मी मान्य करतो, नाहीतर आम्हाला दिसलंच नसतं. संचाला हार, पुढं उदबत्ती. घरची मंडळी आत, भावकी ओट्यावर, बाकी गाव अंगणात, आमच्या वाड्यातले ओट्याखाली कडेला. आई मला मांडीवर घेऊन तिथं बसायची. भाग संपला, लोक उठले, की आमच्या जागेवर पाणी शिंपडलं जायचं. धूळ बसावी म्हणून, असं आई सांगायची. आबा त्यावर काही बोलायचे नाहीत. ते रामायण पाहायला एकदाही आले नाहीत.

मग जन्मशताब्दीचं वर्ष आलं. 1990 साली बाबासाहेबांना भारतरत्न मिळालं, गावोगाव शताब्दीचे कार्यक्रम झाले, आणि 14 एप्रिल 1991 च्या जयंतीला आमच्या समाजमंदिरात टीव्ही आणायचा ठरला. वर्गणी निघाली. मजुरीला जाणाऱ्या बायांनी कपाशीच्या वेचणीचे पैसे दिले, एकानं कोंबडा विकला, नाशिकला नोकरीला असलेल्यांनी मनीऑर्डर पाठवली. काकाजींनी एक 14 इंची ब्लॅक अँड व्हाइट संच नवी ट्यूब घालून अगदी पडत्या भावात दिला. जयंतीला प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांच्या कॅसेट दिवसभर वाजल्या, आणि संध्याकाळी आबांच्या हातानं टीव्ही सुरू झाला. बटन फिरवून आबा तिथंच, संचासमोर, पहिल्या ओळीत बसले.

माझं टीव्हीचं बालपण म्हणजे तो 14 इंची संच. पुढची नावं तुम्हाला पाठ आहेत. 1993 साली जंगल बुक आलं आणि मोगलीसारखे आम्ही लिंबावर लटकलो. चंद्रकांतातल्या क्रूरसिंगाच्या भुवया कोळशानं काढून पोरं शाळेत यायची. सुरभीच्या कोड्याला उत्तर पाठवायला 15 पैशांचं पोस्टकार्ड लागायचं. त्या कार्यक्रमाला एका आठवड्यात 14 लाखांवर पत्रं गेल्याचा विक्रम आहे, आणि त्या ढिगात आमच्या वाड्यातली कार्डंही होती. गुरुजींकडून अक्षर सुधारून घेऊन, नाव, गाव, तालुका, जिल्हा बुलडाणा असं ठळक लिहिलेली. शक्तिमान 1997 च्या सप्टेंबरात आला तोवर मी हायस्कुलात होतो, तरी रविवारी दुपारी पोरांसोबत बसायचोच. हे सगळं मी पांढऱ्याकाळ्यात पाहिलं. शक्तिमानच्या कपड्यांचा रंग आम्हाला वह्यांवरच्या स्टिकरमुळं कळला.

13 मार्च 1996. विश्वचषकाची उपांत्य फेरी, कोलकात्याचं ईडन गार्डन्स, समोर श्रीलंका. 252 धावा हव्या होत्या. त्या संध्याकाळी गावात वीज गेली. मोठ्या घरचा रंगीत टीव्ही बंद. आमचा लहानसा संच मात्र 12 व्होल्टवर चालायचा, पण बॅटरी कुठून आणायची? बॅटरी होती त्या घरच्या ट्रॅक्टरात. थोड्या वेळानं त्या घरचा पोरगा दोन मित्रांना घेऊन बॅटरी उचलून समाजमंदिराच्या दाराशी आला. ‘लावता का?’ एवढंच म्हणाला. काकाजी त्या दिवशी गावीच होते, त्यांनी चिमटे लावले आणि चित्र आलं. पाठोपाठ अख्खं गाव आलं. ओट्यावरचे, अंगणातले, सगळे त्या एका खोलीत सतरंजीवर खेटून बसले, मागचे एकमेकांच्या खांद्यावर हनुवटी टेकून. सचिन 65 वर यष्टिचीत झाला आणि मग पत्त्यांच्या बंगल्यासारखा संघ कोसळला. 8 बाद 120. स्टेडियमात लोकांनी बाटल्या फेकल्या, आग लावली, सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला देऊन टाकला. विनोद कांबळी रडत बाहेर आला तेव्हा आमच्या खोलीतही माणसं रडत होती, आणि कोणाच्या शेजारी कोण बसून रडतंय हे कोणी पाहत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गोड्या पाण्याच्या विहिरीवर सगळं पूर्वीसारखंच होतं. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा, बहुतेक विहिरींचं पाणी मचूळ, त्यामुळे गोड्या विहिरीवर आधी कोण भरणार याला मोठा अर्थ. एका मॅचनं तो क्रम बदलला नाही. तरी ती रात्र झाली, आणि ती पाहिलेली माणसं अजून हयात आहेत.

खामगावला शिकायला गेलो आणि मुस्तफा भेटला. बसस्टँडमागच्या गल्लीत व्हिडिओ गेमचं दुकान होतं. अंधारी खोली, भिंतीला लागून प्लायवूडच्या उभ्या पेट्या, प्रत्येक पेटीत एक पडदा, दांडी आणि बटनं, रुपयाचं नाणं टाकायला फट. सगळ्यात गर्दी एकाच पेटीपुढं. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा हा गेम, ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, एका अमेरिकन चित्रकथेवरून बनवलेला. ते नाव आमच्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यातल्या चार खेळाडूंपैकी एकाचं नाव मुस्तफा, तो सर्वांत चपळ, त्याची धावत येऊन मारलेली लाथ सर्वांत भारी, म्हणून भारतभर पोरांनी अख्ख्या गेमला मुस्तफा म्हटलं. आमच्यातला प्रत्येकजण, आडनाव काहीही असो, आधी मुस्तफा मागायचा. दुसऱ्याला मग जॅक घ्यावा लागायचा. बाबरीनंतरची ती वर्षं होती, मोठी माणसं खालच्या आवाजात बोलायची, आणि त्या खोलीत शेगावचा, खामगावचा, हिंदू, मुसलमान, बौद्ध पोरगा मुस्तफा व्हायला भांडत होता.

त्या पेट्याही काकाजीच दुरुस्त करायचे. आत काय असतं ते त्यांनी मला उघडून दाखवलं. नेहमीच्या रंगीत टीव्हीची ट्यूब, बाहेरून आलेलं एक बोर्ड आणि सुताराकडून करून घेतलेला खोका. घरी लावायच्या टीव्ही-गेमचंही तसंच. निन्टेंडोनं 1983 साली जपानात आणलेल्या यंत्राच्या नकला आपल्याकडे विकल्या जात होत्या. कॅसेटवर ‘9999 इन 1’ छापलेलं, आत तेच पाच-दहा गेम फिरून फिरून. त्यातल्या बदक मारायच्या बंदुकीचं मला भारी कौतुक होतं. पडद्यातून गोळी कशी जाते? काकाजींनी हसून सांगितलं की बंदूक काही सोडत नाही, ती फक्त पाहते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा भाग असतो, त्याला तो पांढरा उजेड दिसला की बदक मेलं. हे इतक्या झटकन होतं की डोळ्याला कळत नाही. जुन्या ट्यूबच्या टीव्हीवरच हे जमतं, आताच्या सपाट पडद्यांवर ती बंदूक आंधळी.

मुस्तफाची गोष्ट मी मायला सांगितली. एक रुपया टाकला की कोणी काही विचारत नाही, हे ऐकून ती म्हणाली, ‘म्हंजे सैलानीच्या तंबूसारखं.’ मला ती तुलना आजही पटते. पण पूर्ण नाही. नाणं असणाऱ्यालाच ती खोली सारखी होती. खिशात रुपया नसलेली पोरं मागं उभी राहून दुसऱ्याचा खेळ पाहायची, आणि त्यात आमच्या वाड्यातली जास्त असायची. पैशानं मिळालेली बरोबरी पैशाबरोबर संपते. वर्गणीच्या टीव्हीपुढं तसं नव्हतं. कोणी किती दिले हे वहीत होतं, पण बसायला सगळ्यांना सारखी सतरंजी होती. गेल्या सत्तर वर्षांतल्या या सगळ्या यंत्रांत मला तो 14 इंची संच सर्वांत मोलाचा वाटतो.

पुढं सगळं भराभर झालं. केबल आली. 15 ऑगस्ट 1999 ला अल्फा मराठी सुरू झालं, वर्षभरात ई-टीव्ही मराठी आलं. घरोघरी रंगीत टीव्ही पोचले आणि ओट्यावर, ओट्याखाली बसायचा प्रश्नच मिटला, कारण आता कोणी कोणाकडे जात नव्हतं. समाजमंदिरात आता पोरांची अभ्यासिका आहे. काकाजींनी दुकान बंद केलं. आबा आणि माय दोघंही गेले.

टीव्हीच्या सुवर्णकाळाचा इतिहास मालिकांच्या नावांनी आणि तारखांनी लिहिला जातो, आणि ते कागद मुंबईदिल्लीत सुरक्षित आहेत. आमच्या गावातल्या लिंबाखालच्या, खिडकीबाहेरच्या आणि सतरंजीवरच्या जागांची नोंद कुठंच नाही. ती माणसांच्या तोंडी आहे आणि ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. तुम्ही येत्या दिवाळीला गावी जाल तेव्हा त्यांच्याजवळ बसा. पहिला रेडिओ कोणी लावला, पहिला टीव्ही कोणाकडे आला, वर्गणी कोणी दिली, आणि ते स्वतः कुठं बसायचे, एवढं विचारा. शेवटचा प्रश्न टाळू नका. जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत वहीत उतरवून घ्या आणि खाली गावाचं नाव लिहा.